झांज गिटार

तलवाड्याच्या जत्रेत फ्लेक्स लागला होता: 'गावची कन्या तेजश्री हिचे झांज गिटार वादन'. जत्रेचा कार्यक्रम ठरवणाऱ्या मोहनकाकांना मी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, जॅझ. पण असला शब्द असतो यावर काकांचा विश्वास बसला नाही आणि फ्लेक्सवाल्याचा तर त्याहून नाही. दोघांनी मिळून मला सुधारून टाकलं. वर काकांनी मुक्ताबाईंच्या भजनी मंडळाला झांजा घेऊन बोलावलं. झांज गिटार म्हटल्यावर झांज नको का! बोला आता.

मी पुण्यात गिटार वाजवते. हॉटेलात वाजवते, रेकॉर्डिंगला वाजवते, शिकवण्या घेते. माझे डिमेलो सर आयुष्यभर हॉटेलांतच वाजवत आले. नखी न लावता, नुसत्या अंगठ्यानं. एकच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकदम धरायचे, मग गिटार जाड, मऊ आवाजात बोलायची. "लोक जेवतात, आपण वाजवतो," ते म्हणत. "एकाचा जरी घास हातात थांबला तरी आपलं पोट भरलं." त्यांचं नाव कुठल्या फ्लेक्सवर आलं नाही. मीही तशीच अंगठ्यानं वाजवते आणि मला त्याची काडीचीही लाज नाही. सल एकच होता. माझ्या आईनं मला कधी ऐकलं नव्हतं. फोनवर विचारायची, "आज वाजवलीस का पेटी?" तिला ऐकवायचं म्हणून तर मी आले होते.

मंचावर चढले, तर काका हळूच म्हणाले, "वाजवायचं राहू दे. सत्कार घे अन् बस."

"कावून काका?"

"लोकायला कळायचं न्हाई. हसतील. घराचं नाव हाय गावात."

आमच्याकडे ही छान सोय आहे. माणूस गप्प करायचा असला की त्याचा सत्कार करायचा. शाल पांघरली, नारळ दिला, फोटो निघाला, की तो खुर्चीत बसलाच म्हणून समजा. काका शाल उलगडून पुढे आले. मी गिटारचा पट्टा खांद्यावर चढवला.

"खांदा रिकामा न्हाई काका. आधी वाजवते."

मी सुरू केलं. संथच, पण अडखळल्यासारखं चालणारं. थोड्या वेळानं मागून कुणीतरी ओरडलं, "झांज कुठाय बे?" हशा पिकला. मुक्ताबाई बिचाऱ्या मंचाच्या कडेला झांज मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओरडा ऐकून दचकल्या आणि दिली एक ठेवून, भलत्याच जागी. लोक आणखी हसले. पण ती जागा मला आवडली. पुढच्या आवर्तनात मी तिथं मुद्दाम थांबले, त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुन्हा वाजवली. या खेपेला हसू कमी आलं. त्यानंतर बाईंनी ती जागा सोडली नाही.

काकांनी साउंडवाल्याला हात केला. आवाज बंद. माइक मेला, स्पीकर मेला, उरली माझ्या तारांची गुणगुण. ती पहिल्या खुर्चीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

"झालं," काका शाल घेऊन माझ्यासमोर आले. "बस आता."

मला रडू येत होतं, रागानं. अंगठा मात्र थांबवला नाही.

"ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं पुढं यावं!" मी घसा फोडून ओरडले.

पुढारी खुर्च्यांतून हलले नाहीत. पोरं पाळण्यांकडे निघून गेली. पण पार मागं, जमिनीवर बसलेल्या बायका उठल्या. खुर्च्यांच्या मधून, पुढाऱ्यांच्या गुडघ्यांना घासत पुढे आल्या आणि मंचाच्या पायऱ्या चढू लागल्या. आमच्या गावात बाई मंचावर चढते ती हळदीकुंकवाला किंवा निवडणुकीला. सगळ्यांत पुढे आई होती. रुक्मिणीबाई. दिरासमोर जिचा पदर कधी डोक्यावरून ढळला नाही, जी त्यांच्याशी दाराआडून बोलत आली, ती. काका शाल पसरून तिच्या आणि माझ्या मध्ये उभे होते.

"भावजी," आई म्हणाली, "बाजूला व्हा. माजी पोरगी दिसंना मला."

काका सरकले.