कोंबड्यांचा कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पण माझ्यासमोर वारा खायला येऊन बसू नका. माझा पंखा मोटारीसकट फडक्यात बांधून फळीवर ठेवलेला आहे आणि माझ्या पोटात सध्या कोंबड्या राहतात. हसलात ना? हसा. सुरुवातीला मलाही फार लाज वाटायची. आता मात्र कुणी मला नुसतं ‘कूलर’ म्हटलं तर मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

माझा जन्म शहागंजच्या मागच्या गल्लीत, फकिरा मिस्त्रींच्या दुकानात झाला. तिथं दिवसभर पत्र्याची ठोकाठोक चाले. मिस्त्रींनी माझं अंग ठोकून, वाकवून, रिबिटं मारून उभं केलं. खाली पाण्याची खोल टाकी केली, समोर पंख्यासाठी गोल खिडकी कापली आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना झडपांच्या खिडक्या बसवल्या. दर उन्हाळ्यात आतलं गवत बदलावं लागतं, म्हणून या खिडक्यांना कडी नसते. वर उचलली की खिडकी अलगद हातात येते. हे नीट लक्षात ठेवा, पुढं याच्यावरूनच सगळं रामायण घडलं.

मला विकत घेतलं ते चिकलठाण्याच्या कडूबांनी. मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून त्यांना म्हणाले, “कडूबाभाऊ, पत्रा जाड टाकला है. तुम्ही थकाल, ह्यो नाय थकणार.”

त्या वेळी कडूबांच्या घराच्या मागं त्यांचं शेत होतं. ज्वारीवरून येणारा वारा मी आत ओढायचो आणि ओल्या गवताचा वास लावून घरात सोडायचो. वैशाखात दुपारी अख्खी आळी माझ्यासमोर येऊन बसे. कुणी शेंगा फोडायचं, कुणी घोरायचं. लग्नसराईत तर मला मागायला माणसं दारात उभी राहायची. कडूबांपेक्षा जास्त लग्नं मीच गाठली असतील. नवरदेवाच्या शेजारी माझी जागा ठरलेली. काय तो माझा तोरा होता!

पुढं शहर वाढत वाढत आमच्या परसापर्यंत आलं. शेताचे प्लॉट पडले, प्लॉटवर रो-हाऊस उभी राहिली आणि ज्वारीचा वारा बंद झाला. बैल गेले, गोठा गेला. कडूबांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, गोठ्यातल्या कोंबड्या तेवढ्या घरामागं आणल्या. त्यांत टिपकी नावाची एक करड्या ठिपक्यांची कोंबडी होती. तिची आई, आजी, पणजी सगळ्या त्या शेतातच दाणे टिपून वाढलेल्या.

आणि मग दुष्काळ पडला. एक साल गेलं, दुसरंही तसंच कोरडं आलं. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. टँकर यायचा तेव्हा आळीत लढाई जुंपायची. अशा दिवसांत माझ्यासारखा बकासुर कुणाला परवडणार? मी दुपारभरात बादल्याच्या बादल्या पाणी पिऊन टाकायचो. एकदा कडूबा सवयीनं माझ्याजवळ बादली घेऊन आले, तर वच्छलाबाईंनी ती हातातून काढून घेतली.

“माणसाला प्यायला नाय अन् ह्याला पाजता व्हय?”

त्यांचं चुकलं नव्हतं, मित्रांनो. पण त्या दिवसापासून मी कोरडाच राहिलो. मला परसात भिंतीशी नेऊन ठेवलं. उन्हानं माझा हिरवा रंग उडाला, गवत झडून गेलं, वर फुटकी घमेली येऊन बसली. ज्यांनी माझ्यासमोर बसून झोपा काढल्या, तेच आता “ही अडगळ काढा की” म्हणू लागले. एक दिवस भंगारवाला दारात आला आणि कडूबांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

“थांबा वं,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून माझ्या आत डोकं घातलं, इकडंतिकडं पाहिलं. “ह्याच्या पोटात जागा लई हाय. कोंबड्यायचं खुराडं व्हईल.”

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. पंख्याच्या खिडकीला जाळीचं दार लागलं, टाकीत राख आणि भुसा पसरला. पहिल्याच संध्याकाळी टिपकी रुबाबात आत आली, टाकीच्या कोपऱ्यात गोल फिरली आणि बसली. तिच्या अंगाची ऊब माझ्या पत्र्याला लागली. आयुष्यभर गारवा देणाऱ्या मला ऊब काय असते ते तेव्हा कळलं.

आमच्या भिंतीला लागून रो-हाऊसमध्ये दमयंतीबाई राहायच्या. पूर्वी सरकारी कचेरीत होत्या, आता निवृत्त. त्यांचा मुलगा हिमांशू नोकरीला परदेशी गेला आणि जाताना आपली दोन कुत्री आईच्या हवाली करून गेला. एकाचं नाव कॉफी, दुसऱ्याचं बिस्किट. नावं ऐकून वाटावं की ही कुत्री चहाबरोबर खायची आहेत. दिसायला गोजिरवाणी, पण एका दुपारी भिंतीला वळसा घालून आमच्या परसात घुसली आणि दाणे टिपणाऱ्या दोन कोंबड्या घेऊन गेली. अंगणभर पिसं पसरली.

वच्छलाबाई तशाच शेजारी गेल्या. पुढचं बोलणं मला भिंतीवरून ऐकू आलं.

“बाई, तुमची कुत्री बांधून ठिवत जा. दोन कोंबड्या खाल्ल्या माझ्या.”

“अहो वहिनी, आमचं गेट कायम लावलेलं असतं. आणि आमची कुत्री शुद्ध शाकाहारी आहेत हो! दूधपोळी आणि वरणभातावर वाढलीत. हे गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांचं काम असणार.”

“म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं की!”

“लांबून पाहताना चूक होते.”

झालं. दोघींचं बोलणं बंद पडलं. भिंतीवरून येणारी-जाणारी ताकाची लोटी आणि कढीपत्त्याची जुडीही बंद पडली.

कडूबांनी मग बंदोबस्त करायचं ठरवलं. जुन्या गोठ्याचं मुठीएवढं पितळी कुलूप त्यांनी शोधून काढलं, तेल पाजलं आणि माझ्या समोरच्या दाराला ठोकून दिलं. आळीतली माणसं ते कुलूप पाहायला आली. “आता वाघ आला तरी काय बिशाद!” असं म्हणून एकमेकांना टाळ्या देत गेली. अरे बाबांनो, समोर एवढं मोठं कुलूप आणि बाजूच्या तिन्ही खिडक्या नुसत्या टेकवलेल्या! इतकी वर्षं याच हातांनी त्या उचलून गवत बदललं होतं. पण कूलरचं खुराडं झालं तशी ती आठवणही विझली. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला आवाज होता तो मोटारीचा, आणि मोटार फळीवर होती.

त्याच सुमाराला टिपकी खुडूक झाली. टाकीच्या कोपऱ्यात अंडी पोटाखाली घेऊन बसली ती हलेना. वच्छलाबाई तिला बसल्या जागी पाणी पाजायच्या. एकदा कडूबा म्हणाले, “लई जीव टाकती तू त्या कोंबडीवर. काहून एवढं?”

वच्छलाबाईंनी पाण्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “शेत गेलं, बैलं गेली. तिथली ही एवढीच ऱ्हायली. ही गेली तर म्या पुन्ना कोंबड्या पाळायची नाय. ह्ये खुराडं बी देऊन टाका भंगारात.”

टिपकीच्या जिवाशी आता माझाही जीव बांधला गेला होता.

आणि पाण्याचा दिवस आला. गल्लीत टँकरचा भोंगा वाजला की आमच्याकडं कुणाला कशाचं भान राहत नाही. वच्छलाबाईंनी कोंबड्या माझ्या पोटात ढकलल्या, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि हंडे घेऊन पळाल्या. मागोमाग कडूबा पिंप लोटत गेले. परसात चिटपाखरू उरलं नाही. एवढ्यात भिंतीच्या बाजूनं दोन ओली नाकं पुढं आली.

कॉफीनं समोरचं कुलूप हुंगलं आणि सोडून दिलं. बिस्किट माझ्याभोवती फिरलं, उजव्या खिडकीखाली नाक घातलं आणि डोकं वर केलं. खिडकी उचलली गेली आणि धाडकन जमिनीवर पडली. आत एकच कल्लोळ! कोंबड्या फडफडत त्या खिडकीतून बाहेर पडल्या. कुणी भिंतीवर, कुणी शेवग्यावर; कॉफीच्या तोंडी लागलं ते एक पीस. टिपकी तेवढी उठली नाही. बिस्किटानं आत तोंड घातलं. पण फकिरा मिस्त्रींनी केलेली टाकी खोल होती. त्याचं तोंड तळापर्यंत पोहोचेना. ते पंज्यानं खरडू लागलं, तशी टिपकीनं मान लांब करून त्याच्या नाकावर अशी चोच हाणली की ते केकाटत मागं सरकलं. त्यानं पुन्हा तोंड घातलं, तिनं पुन्हा हाणली. पडलेली खिडकी आणि हे केकाटणं यांचा आवाज पार टँकरपर्यंत गेला.

वच्छलाबाई हंडा टाकून धावल्या. त्यांच्यामागं दमयंतीबाई, एक चप्पल पायात आणि एक वाटेत. “बिस्किट! कॉफी!” त्या ओरडल्या आणि जागीच थबकल्या. कॉफीच्या तोंडात अजून ते पीस होतं.

वच्छलाबाईंनी आधी टाकीत हात घातला. टिपकी तापलेली, फुगलेली, पण जागच्या जागी होती. अंडीही होती. वच्छलाबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आणि मित्रांनो, शेजारी दमयंतीबाईही रडत होत्या.

“गेट लावलेलं असतं हो माझं,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “शपथ घेऊन सांगते.”

तेवढ्यात त्यांची नजर गल्लीकडं गेली. टँकरचा जाड पाइप त्यांच्याच गेटातून आत गेलेला होता. पाइप असेपर्यंत गेट लागणार कसं? आणि पिंप भरून सांडू नये म्हणून त्या स्वतः आत पिंपापाशी उभ्या असायच्या. पाण्याच्या दिवशी सगळ्या आळीचे डोळे पिंपात. कुत्री कुठं आहेत आणि कोंबड्या कुठं आहेत, ते पाहायला कुणीच नसे. कोंबड्या गेल्या त्या दुपारीही टँकर आलेला होता हे तेव्हा दोघींना आठवलं.

“माझं चुकलं, वहिनी,” दमयंतीबाई म्हणाल्या. “देऊन टाकते मी यांना कुठंतरी. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून...” आणि त्यांनी कॉफीला जवळ ओढलं.

वच्छलाबाईंनी कुत्र्यांकडं पाहिलं. दोघंही कान पाडून बसली होती. बिस्किटाच्या नाकावर रक्ताचा थेंब होता.

“खायला काय देता म्हनलात ह्यायला?”

“दूधपोळी. हिमांशू उकडलेली अंडी द्यायचा. पण आमच्या स्वैपाकघरात अंडं... मला नाही हो जमत.”

“अवं बाई!” वच्छलाबाई रडता रडता हसल्या. “कुत्र्याला वरणभातावर ठिवल्यावर ते काय भजन करत बसंल व्हय? अंडी म्या उकडून देत जाईन. तुम्ही निसती पुढं ठिवा. तुमच्या चुलीला इटाळ नको अन् माझ्या कोंबडीला तरास नको.”

दुसऱ्या दिवशी कडूबांनी दमयंतीबाईंच्या भिंतीला खालून एक भोक पाडून दिलं, म्हणजे पाइप तिथून जाईल आणि गेट बंद राहील. मग ते माझ्याकडं आले. माझ्या खिडक्यांकडं पाहून त्यांनी कपाळावर हात मारला आणि तिन्ही खिडक्यांना वरखाली कड्या बसवल्या. पितळी कुलूप मात्र काढलं नाही. ते माझा दागिना म्हणून राहिलं.

काही दिवसांनी टिपकीच्या पोटाखालून चिवचिव ऐकू आली. दमयंतीबाई बघायला आल्या. वच्छलाबाईंनी एक पिलू त्यांच्या ओंजळीत ठेवलं, तेव्हा त्यांना श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. आता पाण्याच्या दिवशी दमयंतीबाई आधी कुत्री बांधतात आणि माझ्याजवळ येऊन बसतात. दोन्ही घरांची पिंपं कडूबा आणि वच्छलाबाई भरतात. ताकाची लोटी पुन्हा भिंतीवरून जाऊ लागली आहे.

यंदा पाऊस बरा झाला. नळाला पाणी येऊ लागलं. परवा कडूबांनी फळीवरची मोटार काढली, फडक्यानं पुसली आणि माझ्यासमोर उभं राहून वच्छलाबाईंना विचारलं, “काय गं, बसवू का पुन्ना?”

मित्रांनो, वाऱ्याचे ते दिवस, लग्नातला तो मान, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. पण तेव्हाच टिपकीचं एक पिलू माझ्या खिडकीशी झोपेत हललं, आणि मी मनात म्हटलं, नको.

“ऱ्हाऊ द्या,” वच्छलाबाई दाणे टाकता टाकता म्हणाल्या. “त्याचं आता चांगलं चाललंय.”

म्हणून सांगतो. घरातली जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा तिच्या आत वाकून बघा, कुणाला तरी पुरेल एवढी जागा तिथं असते. दाराला कुलूप घालाल तेव्हा बाजूच्या खिडक्याही हलवून बघा. आणि शेजाऱ्याशी भांडायला जाल, तेव्हा त्याच्या गेटातून काय आत गेलंय तेवढं पाहून मग तोंड उघडा. चला, संध्याकाळ झाली. सगळ्या आत आल्या आहेत, वच्छलाबाई कड्या लावताहेत आणि भिंतीपलीकडून दमयंतीबाई विचारताहेत, “वहिनी, तिन्ही लावल्या ना?”