ओढणीच्या मापाचा पलंग

त्या वर्षी पनवेलमधले यच्चयावत बिल्डर मला ओळखत होते. ऑफिसात डबा उघडला की फोन वाजायचा. "सर, साइट व्हिजिट कशी वाटली? टू बीएचके बघू या की थ्री?" मला घर घ्यायचंच नव्हतं. रोडपालीत आमचा फ्लॅट नुकताच झाला होता, भिंतींचा वास अजून गेला नव्हता. साइटवर जाऊन यायची माझी बायको वल्लरी, आणि नंबर ठोकून द्यायची माझा.

वल्लरीला दुसऱ्यांची घरं बघायचा नाद आहे. वरच्या मजल्यावरच्या शोभाताईंची वाटी परत करायला म्हणून ती जायची आणि त्यांच्या फॉल्स सीलिंगमध्ये दिवे किती, हे बघून यायची. पण खरी चंगळ होती सॅम्पल फ्लॅटची. विमानतळ होणार म्हणून पळस्प्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होर्डिंगं लागली होती, आणि प्रत्येक होर्डिंगमागे एक सजवलेला फ्लॅट होता. न्यायला गाडी यायची, वर चहा मिळायचा. रविवारी दुपारी ती निघायची आणि संध्याकाळी डोकं भरून परत यायची. एका ठिकाणची हॉलची पिवळी भिंत, दुसरीकडची ओट्याखालची जाळीची ट्रॉली, तिसरीकडची बाल्कनीतली वेताची खुर्ची. "हा रंग आहे की कागद?" असं विचारून ती भिंत नखाने खरवडूनही बघायची.

टेप काढला की सेल्सवाले बिथरतात, हा तिचा अनुभव. म्हणून ती ओढणी वापरायची. वस्तूच्या एका टोकाला ओढणीचा काठ धरायचा, दुसऱ्या टोकाशी गाठ मारायची आणि घरी आल्यावर त्या गाठीपर्यंत टेप लावायचा. आमच्या हॉलचा टीपॉय अशाच एका हिरव्या ओढणीतून जन्माला आला.

या सगळ्या खटाटोपात एक खोली मात्र तिने राखून ठेवली होती. ती आबांची.

आबा म्हणजे माझे वडील, उदयसिंह. कराडच्या शाळेत पीटीचे मास्तर होते. आई गेल्यापासून तिथल्या घरी एकटेच राहायचे. उन्हाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून पडले, आणि मला ते शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून मी त्यांना सकाळ-संध्याकाळ फोन करायचो. "इकडे या" म्हणून मी किती विनवलं. शेवटी म्हणाले, "दिवाळीला येतो. बघतो. जमलं तर राहीन." आबांचं 'बघतो' म्हणजे साधारण नकारच. त्यामुळे ही खोली जमायलाच हवी होती.

वल्लरीला त्या खोलीचा नमुना सापडला पळस्प्याच्या एका सॅम्पल फ्लॅटमध्ये. खिडकीला लागून शिसवी रंगाचा पलंग, उशाशी पुस्तकांचं फडताळ, समोर निळसर भिंत. घरी येऊन म्हणाली, "सत्यजीत, तिथे उभी राहिले आणि मला आबा दिसले. वर्तमानपत्र वाचत बसलेले." मग तिने ओढणीवरून माप काढलं, बाळू सुताराने त्या मापाचा पलंग केला, गादीवाल्याने पलंगाच्या मापाची गादी शिवली. आबांच्या आधी त्यावर कुणी अंग टाकायचं नाही, असं वल्लरीने जाहीर केलं. वडीलधाऱ्यांची जागा आहे, मी साधा टेकलोही नाही.

आबा आले. खोलीच्या दारात थांबून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. "झकास," म्हणाले. वल्लरीचा चेहरा फुलला.

रोज सकाळी आम्ही उठायच्या आत ते फिरून आलेले असायचे. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नसायची. मास्तरांची शिस्त, असं मी कौतुकाने म्हणायचो. भाऊबीज झाली आणि चहा पिता पिता ते म्हणाले, "उद्या निघतो म्हणतो. कळंबोलीहून कराडची गाडी मिळेल ना?"

"का आबा? काही चुकलं का?" मी विचारलं.

"छे. घर सुरेख आहे. तिकडे झोप बरी लागते, एवढंच."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. इतकं करून यांचं आपलं तेच. मी गाडीच्या वेळा बघायला फोन काढला. वल्लरी मात्र उठून आबांच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती सरळ त्यांच्यासमोर बसली.

"आबा, चादरीला अजून पाकिटातल्या घड्या आहेत. तुम्ही झोपता कुठे?"

आबांनी कप खाली ठेवला. "खाली. सतरंजीवर."

"पलंग आवडला नाही?"

"पलंग चांगला आहे की. मीच जरा लांब आहे."

आबा सहा फुटांच्या वर आहेत, हे आम्हाला काही नव्याने कळलं नव्हतं; पलंगाच्या मापाशी ते ताडून बघायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. मी जाऊन पहिल्यांदाच त्या पलंगावर आडवा झालो. मी आबांहून बराच बुटका, तरी माझ्या टाचा गादीबाहेर, कडेच्या लाकडावर टेकल्या. मी तसाच पडून राहिलो. माझ्या वडिलांनी दिवाळी फरशीवर काढली होती.

"सांगायचं नाही का?" मी बाहेर येऊन म्हणालो.

"काय सांगायचं? मला वाटलं, पाहुण्यांची खोली आहे. आल्यागेल्याला दाखवायची. पाहुण्याने पलंगाला नावं ठेवू नयेत." ते हे अगदी सहज बोलले, म्हणून जास्त लागलं.

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण डोकं भलतीकडेच चाललं होतं. "तिथे तर तो पलंग चांगला ऐसपैस दिसतो," ती म्हणाली. "गाठ मी बरोबर मारली होती. ओढणी आटली असेल का?"

"सुती आहे?" आबांनी विचारलं.

"सुतीच."

"मग धुतल्यावर आटेल. माप घ्यायच्या आधी धुतली होतीस की नंतर?"

ओढणीवर अर्धा तास खल झाला. शेवटी आबाच म्हणाले, "एकदा तो मूळ पलंगच बघू की. गाडी परवाची धरीन." मला सारखा फोन करणारा त्या साइटचा सेल्सवाला कुमार, त्याला मी फोन केला. मी आपण होऊन फोन केल्याचा त्याला इतका आनंद झाला की अर्ध्या तासात गाडी दारात.

सॅम्पल फ्लॅटमध्ये आबा वल्लरीच्या दोन पावलं पुढेच होते. त्यांनी कपाट उघडून आत हात घातला. "याच्यात शर्ट आडवा मावायचा नाही." पुढे जाऊन म्हणाले, "बाथरूमला दारच नाही." कुमार म्हणाला, "काका, दार लावलं की जागा लहान दिसते." नाद कुणाचा कुणाला लागला, मला कळेना. मग आबांनी चपला काढल्या आणि त्या शिसवी पलंगावर सरळ आडवे झाले. त्यांची पावलं पलंगाबाहेर लोंबत राहिली.

"काका, आडवं नाही व्हायचं," कुमार घाईने म्हणाला. "डिस्प्लेचा आहे. खोली मोठी दिसावी म्हणून फर्निचर लहान बनवतात."

वल्लरीने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ओढणी आटली नव्हती," ती म्हणाली.

आबा उठायला लागले तशी ती पुढे झाली. "थांबा, तसेच पडा." तिने गळ्यातली ओढणी काढली, काठ त्यांच्या डोक्याशी मला धरायला लावला आणि त्यांच्या टाचेपाशी गाठ मारली. आबा छताकडे बघत निश्चल पडून होते.

"वीतभर जास्त धर," ते म्हणाले. "उशाला पुस्तक ठेवायची सवय आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. कुमार होता. "सर, काकांना घर कसं वाटलं?" मी फोन आबांच्या हातात दिला.

"नको रे बाबा," आबा म्हणाले. "घर आहे मला. पलंग तेवढा व्हायचाय."

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी वल्लरीला विचारलं, सुतार किती वाजता येतो.