वाटेतलं घर

मयताच्या घरून निघालं की सरळ आपल्या घरी जायचं नाही, हे आमच्या तळ्याकाठच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. वाटेत कुणाकडे तरी टेकायचं, आल्याचा काढा घ्यायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या. तेवढ्यात मागे लागलेलं मरण वाट चुकतं. मग आपलं घर गाठायचं. मी अमेरिकन मास्तरांकडे इंग्रजी शिकलो, छातीवर आरोग्य खात्याचा बिल्ला लावून मिरवलो, तरी ही रीत कधी मोडली नाही. माझं टेकायचं घर ठरलेलं होतं. साबिनाताईचं.

अमेरिकनांशी आमची लढाई पुरती संपलीही नव्हती, तोच पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. अमेरिकन आधी बंदुका घेऊन आले होते, आता चुना घेऊन आले. आमच्या वाट्याला आला तो डॉक्टर व्हिटकम, अठ्ठावीस वर्षांचा, उन्हाने नाक सोललेला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. मायदेशी त्याने गलिच्छ गोठे बंद पाडले होते, दुधात पाणी घालणाऱ्यांना कोर्टात खेचलं होतं. प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या शहरात" अशी करायचा. शहर सुधारलं तसं हे बेटही सुधारेल, यावर त्याचा लहान मुलासारखा विश्वास होता.

त्याचे हुकूम मी चौकात उभा राहून आमच्या भाषेत ओरडायचो. पाणी उकळून प्या. आजारी माणूस रोग्यांच्या छावणीच्या तंबूत द्या. त्याची झोपडी जाळली जाईल. मयत तीन तासांत पुरा. चर्चमध्ये न्यायचं नाही, घंटा नाही, मयताभोवती बसून प्रार्थना नाहीत.

"आला बघा उकळ्याचा पोपट!" मासेवाली पेत्रोना ओरडायची. "बोल रे राघू, आज काय उकळायचंय?"

सगळा चौक खो खो हसायचा. गावात खरोखर पाणी उकळणारं घर एकच होतं, ताईचं. तिचा नवरा अमेरिकनांच्याच गोळीने गेला होता. पाच वर्षांच्या लेकीला, निनायला घेऊन ती एकटी राहायची, आणि रोज रानातून लाकडं आणून मडकंभर पाणी उकळायची.

"लोक हसतात तुला," मी एकदा म्हटलं.

"हसू देत. त्या गोऱ्यासाठी उकळते की काय मी? भाऊ भर चौकात घसा फोडतो आणि सख्खी बहीणच ऐकत नाही, कसं दिसेल ते? बस, जेवून जा."

मंगळवारी सकाळी हिलारिओ गेले. चर्चमध्ये गाणारे म्हातारे, माझे धर्मपिता. पाटीवर माझा हात धरून पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं. पटकीनेच गेले. मला बघताक्षणी कळलं. त्यांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले.

"तेलो, पोरा, ह्यांना कुत्र्यासारखं खड्ड्यात टाकू नकोस रे. एक दिवस दे. एकच."

मी दिला. मयतांच्या वहीत कारण 'म्हातारपण' असं लिहिलं. खिडक्या लावून घेतल्या, पेरूच्या पाल्याच्या पाण्याने त्यांना अंघोळ घातली, वीस माणसं माझ्याबरोबर गुडघे टेकून दबक्या आवाजात प्रार्थना म्हणत राहिली. हातांना चोळायच्या जंतुनाशक औषधाची बाटली खिशात होती. पण त्या माऊलीच्या देखत हातांना ते चोळायचं, म्हणजे तिच्या नवऱ्याला घाण म्हणण्यासारखं होतं. बाटली खिशातच राहिली.

दुपारी निघालो. घरी माकारिया होती, माझी बायको, आणि दीड महिन्याचं बाळ. सरळ घरी जायची छातीच झाली नाही. पाय आपसूक ताईकडे वळले. बाटलीची आठवणही राहिली नाही, इतकी तहान लागली होती. मडक्यात करवंटी बुडवली, हातही मनगटापर्यंत बुडाला. प्यायलो, तोंडावर पाणी मारलं, परत बुडवली. ताईने भात आणि सुकी मासळी वाढली, निनायने माझ्याच ताटात हात घातला.

"कुठून आलास?" ताईने विचारलं.

"असाच."

तिने माझ्या गुडघ्यांवरची धूळ पाहिली आणि आणखी भात वाढला.

शुक्रवारी पहाटे निनायला जुलाब लागले. दुपारपर्यंत ताईलाही. मी स्वतः जाऊन डॉक्टरला वर्दी दिली. दुसरं काय करणार होतो? दोघींना झोळीत घालून तंबूत नेलं आणि शिपायांनी ताईच्या घराला काडी लावली. वाळलेला पाला तो, घटकाभरात सगळं खलास. निनाय संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

डॉक्टर माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"त्या घरात पाणी उकळत होतं. चूल मी पाहिली होती, मडक्यावर झाकण पाहिलं होतं. सबंध गावात तेच एक घर बरोबर वागत होतं, तेलेस्फोरो. मग चुकलं कुठे?"

"ठाऊक नाही, साहेब."

"आमच्या शहरात..." तो म्हणाला आणि तंबूकडे परत वळला.

शनिवारी त्याने चौकात गाव गोळा केलं. आज कुणी हसत नव्हतं. पेत्रोना पुढे आली.

"साबिनाने उकळून प्यायलं. तिची पोर गेली, ती तंबूत पडलीय. आम्ही तळ्याचं पितो, आम्ही धडधाकट. याचं उत्तर दे, पोपटा. आता का गप्प?"

"काय म्हणतेय ती?" डॉक्टरने विचारलं. मी सांगितलं. "मग खरं काय ते सांग त्यांना! पाण्याने नाही झालं हे. रोग बाहेरून आला. कुणीतरी आणला!"

एका वाक्याचं काम होतं. मी आणला, या हातांनी आणला, पाणी उकळणं सोडू नका. पण ते वाक्य बोललो असतो तर हिलारिओंच्या बायकोचं घर जळलं असतं, ती वीस माणसं तंबूत गेली असती. असं मी स्वतःला समजावतो. खोटं आहे ते. सख्ख्या बहिणीच्या घरात मरण नेऊन सोडणारा म्हणून गाव माझ्याकडे बघेल, याची मला भीती वाटली. मी भेकड आहे.

"देवाची मर्जी," मी म्हणालो.

पेत्रोना थुंकली आणि चालू लागली. एक दोन घरांनी ताईचं बघून नुकतीच पाणी उकळायला सुरुवात केली होती. त्यांनीही त्या दिवशी मडकी तळ्यावर भरली आणि चुलीवर चढवली नाहीत.

मी तंबूत गेलो. ताईचा चेहरा ओळखू येत नव्हता. आवाज मात्र तिचाच होता.

"तेलो, मंगळवारी हिलारिओंकडून आला होतास ना?"

"हो."

"वाटलंच मला." श्वास घेऊन ती म्हणाली, "बरं केलंस. घरी तान्हं आहे तुझ्या."

मी तिच्या पायांशी बसून ढसाढसा रडलो. ती रागावली असती तर किती बरं झालं असतं.

रविवारी सकाळी ती गेली. चुन्याच्या खड्ड्यात निनायशेजारी तिला ठेवलं. घंटा वाजली नाही. मी एकट्याने प्रार्थना म्हटली, तीही निम्मी विसरलो. या वेळी बाटली अख्खी हातांवर रिकामी केली आणि घराकडे निघालो. कुठेही थांबायचं नाही, असं ठरवलं होतं. यायचं असेल तर येऊ दे ताईला माझ्या मागोमाग.

माकारियाने खांबांवरच्या आमच्या घराच्या शिडीवर पाय ठेवू दिला नाही. बाळाला पदराखाली घेऊन ती दारातच उभी राहिली.

"खड्ड्यावरून सरळ आलास?"

"हो. हात धुतलेत मी."

"हातांचं नाही विचारत मी. आधी कुठेतरी टेकून ये."

"कुठे टेकू?"

"कुठे म्हणजे? ताईंक..." ती बोलता बोलता थांबली आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली. पण दारातून बाजूला झाली नाही.

गावात दुसरं कुठलंही दार मला उघडलं नसतं, आणि उघडलं असतं तरी मी आत पाऊल टाकलं नसतं. मी ताईकडे गेलो. राख निवली होती. चार खांबांचे काळे बुंधे, खाली जमिनीवरच्या चुलीचे तीन दगड, आणि त्यावर मडकं होतं तसंच, झाकणासकट. मी चुलीपाशी बसलो. किती वेळ बसलं म्हणजे पुरे होतं, ते ताईलाच माहीत असायचं. "जा आता, बायको वाट बघत असेल," असं ती म्हणायची आणि मग मी उठायचो.