फरशीपर्यंत दोरी

हिंदुरावांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला, संडासाच्या फरशीवर अंथरला आणि गुडघ्यांवर हात टेकत हळूहळू त्याच्यावर आडवे झाले.

"टॉवेल काढा, काका," दारातून ऋतुजा म्हणाली. "पडणारं माणूस टॉवेल अंथरून पडत नाही."

ती स्वतः लहानपणापासून व्हीलचेअरवर होती. सार्वजनिक जागांतल्या अपंगांसाठीच्या सोयी खरोखर वापरता येतात का, हे तपासत फिरायचं तिचं काम, आणि बोलणं अस्सल पुणेरी, तिखटमीठ न लावताही झोंबणारं. "मीच झोपले असते," मघाशी ती म्हणाली होती, "पण मला परत वर चढवायला दोन माणसं लागतात आणि इथं एकाचा भरवसा नाही."

हिंदुरावांनी टॉवेल ओढून बाजूला केला. फरशी गार होती, नुकतीच धुतलेली. फिनेलचा वास नाकात गेला.

"डावा हात अंगाखाली घ्या. तो चालत नाही असं समजा. काकूंचा चालत नव्हता ना?"

"न्हाई. डावी बाजू समदीच गेल्याली."

"आता उजव्या हातानं दोरी धरा."

कमोडशेजारच्या भिंतीवर लाल दोरी होती. ती ओढली की बागेच्या गेटवर, रखवालदाराच्या केबिनमध्ये घंटा वाजायची. हिंदुरावांची बायको, शकूबाई, इथं पडली त्या दिवशीही ती होतीच. पण छतापासून निघालेली दोरी मध्येच गोळा करून स्टीलच्या दांडीभोवती गुंडाळलेली होती आणि वर घट्ट गाठ होती. हिंदुरावांनी हात ताणला, खांदा उचलला, बोटं पसरली.

"पोचतोय?"

"न्हाई."

"म्हणजे दोरी आहे म्हणायचं की नाही?"

खालून हिंदुरावांना बेसिनचा तळ दिसत होता आणि तिथं वाळलेला साबणाचा एक ओघळ. शकूबाईंनी शेवटचं पाहिलं असेल ते हेच, असं त्यांच्या मनात आलं.

शकूबाईंना पक्षाघाताचा झटका आल्यापासून हिंदुराव त्यांना रोज संध्याकाळी विश्रांतवाडीकडच्या या बागेत आणायचे. घर धानोरीत, जिथं एके काळी त्यांचीच ज्वारी उभी असायची. आता तिथं इमारती उभ्या होत्या आणि मोकळी हवा खायला रिक्षा करून यावं लागायचं. बागेत अपंगांसाठी वेगळा संडास होता, ही त्यातल्या त्यात सोय. फक्त ज्या कुणी तो बांधला त्यानं तो बायकांच्या बाजूला, आत, अगदी टोकाला बांधला होता. बायको पडली-झडली तर नवऱ्यानं आत जायचं कसं, हे त्याला सुचलं नसावं. शकूबाई काठी टेकत आत जायच्या आणि हिंदुराव बाहेर बाकावर त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचे.

त्यांचा संसार तसा कमी बोलण्याचा. शकूबाईंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, आणि तेही इतक्या घाईनं की आत्याबाईंनी परत घ्यायला लावलं. पुढं बँकेतल्या बाईनं "मिस्टरांचं नाव?" विचारलं तर त्या शेजारी बसलेल्या हिंदुरावांना कोपर मारून म्हणायच्या, "सांगा की आता." हाक मारायची तर अहो. गोठ्यात असोत की विहिरीवर, त्या हाकेला हिंदुराव हातातलं टाकून यायचे. आणि त्यांनीही बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. चारचौघांत 'आमची मंडळी', घरात 'अगं'. तेवढ्यात सगळं भागलं.

त्या संध्याकाळी शकूबाईंना यायला उशीर झाला. बागेतल्या कर्ण्यांवर जुनी गाणी लागली होती. आत कुणी ओळखीची भेटली असेल, असं हिंदुरावांना वाटलं. मग आतून एक बाई पळत बाहेर आली.

"क्षणात गेल्या, आबा," डॉक्टर म्हणाले होते. "त्यांना कळलंसुद्धा नसेल."

या एका वाक्यावर हिंदुराव आजवर तगले होते. दहाव्याला त्यांनी ते पाहुण्यांना सांगितलं, वर्षश्राद्धाला पुन्हा सांगितलं, आणि मधल्या काळात रात्री कूस बदलताना स्वतःला सांगितलं. तो संडास तपासायला येता का, असा ऋतुजाचा फोन आला तेव्हा मुलगा योगेश म्हणाला, "कशाला जाताय आबा, उगीच त्रास होईल." त्यावरही त्यांनी त्याला तेच सांगितलं, की तिला काय, कळलंच न्हाई, पण दुसऱ्या कुणाला कळंल, तिच्यासाठी दोरी खाली पाहिजे.

"ही गाठ कुणी मारली?" ऋतुजानं मागं वळून विचारलं.

दाराशी बादली घेऊन मुक्ताई उभी होती. बायकांच्या बाजूची साफसफाई तिच्याकडं होती. नवरा-बायको वाशीमकडून कामासाठी पुण्यात आलेली.

"मीच बांधली जी. फरशीला पाणी मारलं की भिजते, कुबट वास येते तिचा. अन् पोट्टे झोका समजून ओढतात. मग गेटवरचा श्याम माझ्यावर वरडते."

"म्हणून पडलेल्या बाईनं उठून उभं राहायचं आणि मग दोरी ओढायची."

मुक्ताईचा चेहरा उतरला. तिनं बादली खाली ठेवली आणि हिंदुरावांच्या उशाशी उकिडवी बसली. ती त्यांना ओळखत होती. त्या दिवशी शकूबाईंना बाहेर काढायला तिनंच हात लावला होता.

"काका, खरं सांगते. मी त्या दिवशी इथंच होती, बाहेरच्या पायरीवर. कोणी वाचवा म्हटलं असतं, मेली वो म्हटलं असतं, तर धावली नसती का मी? देवाशपथ सांगते, तशी हाक आलीच नाही."

"कळलंच न्हाई तिला," हिंदुराव म्हणाले. "डाक्टर म्हणले."

"तेच तर." मुक्ताईला जरा हायसं वाटलं. मनावरचं ओझं उतरताना माणसं बोलतात तशी ती भराभर बोलू लागली. "नाहीतर हाका काय कमी असतात इथं? बायका आतूनच बाहेरच्या नवऱ्यांना बोलवत राहतात. अहो, पिशवी धरा. अहो, पोराला न्या. त्या दिवशीबी एक लावूनच होती. नुसतं अहो, अहो. पुढं काहीच नाही. लय वेळ. मी मनात म्हटलं, बहिरा आहे का बाप्पा हिचा नवरा."

मोबाइलवर नोंद करणारं ऋतुजाचं बोट थांबलं.

"मग?" हिंदुरावांनी विचारलं.

"मग काय. थांबली ती. मला वाटलं, आला तिचा नवरा."

बाहेर कर्ण्यावरचं गाणं संपलं आणि दुसरं लागलं. त्या दिवशी बाकावर बसून आपण असल्याच एका गाण्यावर ताल धरला होता, तिच्या पिशवीवर, बोटांनी, हे हिंदुरावांना आठवलं. त्यांनी डोळे मिटले. डॉक्टरांचं वाक्य त्यांनी मनात एकदा म्हणून पाहिलं, पण ते शेवटपर्यंत गेलं नाही.

"काय झालं काका?" मुक्ताईनं वाकून विचारलं. "गार लागते का फरशी?"

तिच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती. तिला काहीच उमगलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या पोरीची झोप जन्माची गेली असती, आणि एका घरातली गेली तेवढी पुरे होती.

"काय न्हाई," हिंदुराव म्हणाले. "आला असंल तिचा नवरा."

"काका," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. "आज राहू द्या. मी दुसऱ्या कुणाला तरी घेऊन येते."

"न्हाई. मुक्ताई, सोड ती दोरी."

ओल्यानं गाठ आवळली होती. मुक्ताईनं नखांनी ती उकरली, दांडीभोवतीचे वेढे काढले. दोरी खाली आली आणि तिचं टोक हिंदुरावांच्या तळहाताजवळ फरशीला टेकलं. हात ताणायची गरजच पडली नाही. त्यांनी दोरी मुठीत धरली आणि ओढली.

गेटवर घंटा घणाणली. ती इतक्या मोठ्यानं वाजत असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. कर्ण्यावरचं गाणं तिच्याखाली दबून गेलं. मग पावलं ऐकू आली. श्याम काठी घेऊन धावत आला. त्याच्यामागून चालायला आलेल्या दोघी बायका आल्या. बाकावरचा एक नवराही आला. एरवी बायकांच्या बाजूला पाऊल टाकायला लाजला असता, पण आता बायकोची पर्स काखेत मारून सरळ आत शिरला. दाराशी गर्दी झाली. एवढी माणसं बागेत होती, नेहमीच असायची.

"कोण पडलंय?" श्यामनं धापा टाकत विचारलं.

हिंदुराव फरशीवर तसेच पडून होते. मुठीतली दोरी त्यांनी सोडली नव्हती. त्यांचे ओठ हलले, पण जिभेला त्या नावाची सवय नव्हती.

"शकू," ते म्हणाले. "आमची शकू पडलीया."

घंटा बंद करायचं बटण दाराजवळच्या भिंतीवर होतं. ऋतुजाचा हात तिथवर गेला होता. तो तिनं मागं घेतला आणि घंटा वाजू दिली.