फ्रिजमधल्या किल्ल्या

बाबा तिला घरकोंबडी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाई माहितीपट करायची, पण चार भिंतींबाहेर कॅमेरा म्हणून न्यायची नाही. लोकांची स्वयंपाकघरं, बाळंतिणीच्या खोल्या, भावाभावांच्या भांडणात मधोमध भिंत घातलेले दिवाणखाने. जग बघायला उंबरा ओलांडावा लागत नाही, हा तिचा हेका. बाबांनी जन्मभर बस चालवलेली. ते म्हणत, "आमची घरकोंबडी अंडी देते, पण बघायला कोणी येत नाही."

घरातल्या शूटिंगचा खरा वैरी म्हणजे फ्रिज. त्याची घरघर बोलण्यात मिसळली की मागाहून काढता येत नाही. म्हणून ती आधी फ्रिज बंद करायची आणि आपल्या किल्ल्या आत ठेवायची. निघताना किल्ल्यांसाठी दार उघडलं की आतला अंधार बघून बटण आठवायचं. परक्या घरांत ही युक्ती कधी फसली नाही.

या वेळी घर तिचंच होतं. आई गेल्यापासून तिथे दोघंच. आजाराने बाबांची जीभ जड होत चालली होती; महिन्याला एक इंजेक्शन मिळालं तर शब्द फुटत. शेवटचं एक त्यांच्या पलंगाशेजारी, औषधांपुरत्या छोट्या फ्रिजमध्ये होतं. पुढचं कधी येईल ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. बाबांचा आवाज आहे तोवर फिल्म करायची, एवढंच तिने धरलं होतं.

शनिवारी दुपारी बाबा खुलले. पहिल्या दिवशी बस चालवताना पाय असे लटपटले, की थांबा मागेच राहिला. थांब्यावरची एक मुलगी चप्पल उगारून बसमागे धावली. "तीच तुझी आई," बाबा म्हणाले. कॅमेऱ्यामागे तिने हसू दाबायला तोंडावर हात धरला.

एवढं बोलून बाबा थकले. आधीच्या इंजेक्शनचा जोर ओसरलाच होता. नंतर दोन दिवस त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. ती त्यांच्या पायाशी बसून राहिली, शनिवारच्या शूटिंगवर इतकी खूश की जेवायचीही शुद्ध नव्हती. कुठे जायचंच नव्हतं, तर किल्ल्या कशाला लागणार?

सोमवारी इंजेक्शन द्यायला नर्सबाई आल्या. पलंगाशेजारचा फ्रिज उघडून थबकल्या.

"या किल्ल्या कोणाच्या?"

तिने हात पुढे केला. किल्ल्या कोमट होत्या.

"हे आता देता यायचं नाही, ताई. खराब झालंय."

बाबांनी नर्सबाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ती दुकानात रोज फोन करत राहिली. औषध आलं नाही, बाबांचा आवाज मात्र कायमचा गेला. मग एकदा धीर करून तिने हेडफोन लावले आणि शनिवारचं शूटिंग बघायला घेतलं. आवाज स्वच्छ आला होता, बाबांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. चपलेची गोष्ट संपली. बाबा जरा थांबले, पलंगाशेजारी बघून म्हणाले, "अगं, तो फ्रिज..."

आणि लगेच तिचाच हसरा आवाज, "बाबा, शूटिंग चालू असताना मशीनबिशीनचं बोलायचं नाही, सांगितलंय ना? चपलेचं परत सांगा."

बाबांनी मान डोलावली आणि चपलेचं परत सांगितलं.