शेक दे, एवढंच ती म्हणाली

“स्वल्प हळू गं! डोकं आहे ते, पोळपाट नव्हे,” नरसिंहराव पुटपुटले. मी त्यांच्या कानाला लागूनच होते, म्हणून मला ऐकू आलं.

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे. माझ्यात गरम पाणी भरा नाहीतर बर्फ, मला दोन्ही चालतं. वीस वर्षांपूर्वी शालनबाईंनी मला बंगळुरात, बनशंकरीतल्या औषधाच्या दुकानातून आणलं. त्यांची कंबर, लेकीचं, प्रांजलीचं पोट, नवऱ्याचा, नरसिंहरावांचा गुडघा, सगळं मी शेकलं. “हिच्यासारखी हीच,” म्हणायच्या. मग विजेवर तापणारा पट्टा आला आणि मी खणात मागे गेले.

त्या सकाळी शालनबाई फुलं घेऊन परतल्या, तर नरसिंहराव स्वयंपाकघरात डोकं धरून बसलेले. “कपाटाचं दार लागलं,” म्हणाले. बाईंनी मारतहळ्ळीला प्रांजलीला फोन केला. “शेक दे आई, मी निघालेच,” एवढंच ती म्हणाली. आमच्या घरात शेक म्हणजे गरम पाणी! इतक्या दिवसांनी आठवण झाली म्हणून मीही ऐटीत जाऊन बसले. अर्ध्या तासात सुपारीएवढं टेंगूळ लिंबाएवढं झालं. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण माझं तोंड बुचाने आधीच बंद.

“अगं आई, गरम?” प्रांजली दारातूनच ओरडली. “ताज्या माराला गार लावतात! फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. गरम दोन दिवसांनी.”

“मग तसं सांगायचंस की!”

मला रिकामं करून बर्फ भरला. तेव्हा प्रांजलीने नीट पाहिलं. कपाटाचं दार समोरून लागतं आणि टेंगूळ होतं मागच्या बाजूला. सदऱ्याच्या पाठीला फरशीवर सांडलेलं पीठ लागलेलं. शालनबाईंनीही ते पाहिलं होतं. पण विचारणार कोण? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही नरसिंहराव स्कूटर चालवत होते. खरं कळलं तर किल्ली काढून घ्यावी लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“ते दारच काढून टाकू,” प्रांजली म्हणाली.

“सरी, ठीक आहे, सुताराला सांगते,” बाई म्हणाल्या.

बिचारं कपाट! सगळे त्यालाच रागावत होते. मित्रांनो, मी सूज उतरवते, त्यापुढे माझी धाव नाही. डोक्याला लागलेल्या माणसाला घेरी आली, उलटी झाली, गुंगी आली, तर माझ्या भरवशावर बसू नका, डॉक्टरकडे न्या. आणि शेकण्याआधी विचारा, नक्की कसं लागलं ते. हे सगळं मला तेव्हा सांगायचं होतं. मी नुसती पाझरत राहिले.

शालनबाईंनी मला टेंगळावर नीट धरलं. “माझंच चुकलं हो,” त्या खाली बघत म्हणाल्या. “मी न विचारता गरम ठेवलं. दुखणं वाढवलं तुमचं.”

नरसिंहरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“दार नव्हतं गं,” ते म्हणाले. “मला घेरी आली. मी पडलो. किती वेळ पडून होतो, तेही आठवत नाही.”