मापांची वही चव्हाट्यावर

गल्लीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. कपडे सैल-घट्ट करून देणं हा तिचा धंदा आणि तोंडात सदा चार-पाच टाचण्या. त्यामुळे गिऱ्हाईक काहीही सांगू दे, हिच्याकडून फक्त "हं". पोटातलं बोलायला आणि पोटाचं माप द्यायला याहून सुरक्षित जागा नव्हती.

मग जावईबापूंना तिच्या दुकानाची दया आली.

"आई, तुमचा ब्रँड कुठाय?"

टाचणीबाईने कपाटाखाली वाकून पाहिलं.

जावयाला नाही कसं म्हणायचं, या भिडेपोटी तिने मान डोलावली आणि दोन दिवसांत सोशल मीडियावर दुकानाचं प्रोफाइल उभं राहिलं. नाव 'हाऊस ऑफ टाचणी'. लोगो म्हणून एक वाकडी रेघ. ती सुई होती म्हणे. रंग एकच, ओल्या पुठ्ठ्यासारखा. त्याच्याशी जुळेना म्हणून तिचं लाल मशीन फोटोपुरतं चादरीखाली दडपलं. राहिला वरचा मोठा फोटो. जावईबापू तिच्या मापांच्या वहीवर भाळले. पिवळी पानं, निळी शाई, काय तो जुना बाज! एक पान उघडून त्यांनी फोटो काढला आणि लावला. वाचलं मात्र नाही.

गल्लीने वाचलं.

वहीत दोन रकाने होते: 'खरं' आणि 'सांगायचं'. बँकेतल्या मॅडम: खरं एकोणचाळीस, सांगायचं चौतीस. हेडमास्तर: खरं चव्वेचाळीस, सांगायचं 'कापड आटलंय'. जिमवाला: 'पोट आहे. विषय काढू नये.'

सकाळी दुकानात ही गर्दी!

"अहो, माझ्या सुनेने मोठ्ठं करून वाचलं ते!" हेडमास्तर गरजले.

"काल जिममध्ये सगळे माझ्या पोटाकडेच बघत होते," जिमवाला रडकुंडीला आला.

बँकेतल्या मॅडम स्टुलाजवळ उभ्या होत्या. बाकीच्या तिघीचौघी आपापले कपडे परत मागत होत्या. वीस वर्षांचा विश्वास असा भराभर पिशव्यांत भरला जात होता.

जावईबापूंनी सासूबाईंना मशीनमागे ओढलं. "आई, घाबरू नका. नाव बदलू. आठवडाभर दुकान बंद. आणि पोस्ट टाकू, तांत्रिक कारणामुळे चुकीची मापं दिसली."

टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत खोचल्या.

"चुकीची? माझी मापं? वीस वर्षांत माझी टेप अर्धा इंच चुकलेली नाही! वही उघडी पडली ती चूक, तिची माफी मी मागेन. माप चुकलं असं मेले तरी म्हणणार नाही. तो फोटो उतरवा आधी."

"पण आई, नऊशे लाइक..."

"उतरवा म्हणते ना!"

फोटो उतरला. तिने गळ्यातली टेप सगळ्यांदेखत स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळली. "सेहेचाळीस. काढा फोटो, हा लावा वर."

"आई, हे ब्रँडमध्ये बसत नाही!"

"मग ब्रँड सैल करा."

ती गर्दीकडे वळली. "चूक झाली, कान धरते. पण शरमेने शटर ओढणार नाही. ज्याला न्यायचेत त्याने आपले कपडे न्यावेत, उसवलेत तसे. ज्याला अंगात व्हायला हवेत त्याने थांबावं."

हेडमास्तर एका पायाची शिवण उसवलेली पँट घेऊन ताठ मानेने निघून गेले. त्यांच्यामागे आणखी दोघी. जिमवाला दारात घुटमळला.

बँकेतल्या मॅडम स्टुलावर चढल्या आणि हात वर करून उभ्या राहिल्या. "घ्या माप. आणि मोठ्याने वाचा."

"चाळीस! वहीतल्यापेक्षा एक इंच वाढलाय!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी नुसतं वळून पाहिलं. हसू जागीच विझलं.

"वा! आई, हे लाइव्ह करू या," जावईबापूंनी फोन उंचावला.

"जावईबापू, दार लावा."

ते दार लावून परत वळले.

"आतून नाही. बाहेरून."